मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती, आणि दारापासून दारापर्यंतचा खरा हिशोब

मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीला असते, पहिल्यांदा तिकडे जायचं ठरतं आणि घरात सगळ्यात आधी एकच प्रश्न निघतो, किती तास लागतात हो? कोणी सांगतं चौदा, कोणी सोळा, शेजारचे काका म्हणतात आम्हाला तर बावीस लागले. तिघांचंही बरोबर असतं कारण तिघं वेगवेगळी गोष्ट मोजत असतात. मी मूळची पुण्याची, राहते न्यू जर्सीत, आई-बाबा, सासू-सासरे, मैत्रिणींचे आईवडील अशा बऱ्याच जणांचे प्रवास जुळवून दिलेत आणि दर वेळी तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय. माझं म्हणणं एवढंच आहे की किलोमीटर बघून किंवा नुसते विमानातले तास बघून तिकीट काढू नका, घरातून निघाल्यापासून तिकडच्या घरी पोचेपर्यंत एकूण किती तास होतात आणि त्यातले किती तास माणसाला पाठ टेकता येते ते बघा, तिकीट त्यावर ठरवा.

१. आधी अंतर समजून घ्या

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण १२,५५० किलोमीटर आहे. सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमधलं सगळ्यात कमी अंतर. भिंतीवरच्या नकाशात बघितलं तर वाटतं की विमान अरबी समुद्र, आफ्रिका आणि मग अटलांटिक ओलांडून पश्चिमेला जात असणार, पण तसं नसतं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर आणि न्यूयॉर्कवर बोट ठेवून मध्ये दोरा ताणून बघा, तो दोरा वर उत्तरेला सरकतो, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँडच्या जवळून, मग ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला. हा मार्ग जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत वर जातो. म्हणून सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान बर्फाच्या प्रदेशावर दिसलं तर घाबरू नका, रस्ता चुकलेलं नाहीये, तोच जवळचा रस्ता आहे. नातवंडं बरोबर असतील तर हा दोऱ्याचा प्रयोग निघायच्या आधी नक्की करा, मुलं मग पूर्ण प्रवास त्या स्क्रीनवरच्या नकाशाला चिकटून बसतात.

आता विमान वरती गेलं की ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातं, १२,५५० ला ९०० ने भागलं की चौदाच्या आसपास तास येतात. सुरुवातीला कोणीतरी सांगितलेले चौदा तास ते हे, कागदावरचे.

२. मग तिकिटावर सोळा का दिसतात

याची तीन कारणं आहेत आणि तिन्ही माहिती असलेली बरी.

पहिलं म्हणजे तिकिटावरची वेळ ही गेटवरून विमान हलल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईला रनवेच्या रांगेत उभं राहणं, न्यूयॉर्कला उतरल्यावर गेट रिकामं व्हायची वाट बघणं हे सगळं त्यात धरलेलं असतं.

दुसरं वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. आपण जाताना पश्चिमेला जातो म्हणजे बऱ्याच पट्ट्यात वारा समोरून, येताना तोच वारा पाठीमागून. म्हणून जायला जास्त आणि यायला कमी वेळ लागतो, दीड-दोन तासांचा फरक सहज पडतो. हिवाळ्यात हे वारे जास्त जोरात असतात त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी जाताना थोडा जास्तच वेळ धरून चालावं.

तिसरं कारण हवाई हद्द, आणि सध्या हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. वर सांगितलेला जवळचा रस्ता पाकिस्तान आणि अफगाणिस्तानवरून जातो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, मग भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घालून जावं लागायला लागलं. तेव्हापासून एअर इंडियाच्या अमेरिकेच्या फ्लाइट्सचे तास वाढले आणि काहींना तर मध्ये व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधन भरायला उतरावं लागलं. त्याच्या उलट अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. म्हणजे एकाच दोन शहरांमध्ये कोणत्या कंपनीचं विमान आहे यावर रस्ता आणि तास बदलतात. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या माणसाने सांगितलेले तास आज धरून चालू नका, बुकिंगच्या दिवशी तुमच्या तारखेचे तास बघा.

एकूण धरायचं तर नॉनस्टॉपला जाताना १६ तासांच्या आसपास, वळसा असेल तर त्याहून जास्त, आणि येताना साधारण साडेचौदा-पंधरा.

३. नॉनस्टॉप की मध्ये थांबा

मुंबईहून न्यूयॉर्क परिसराला थेट सेवा एअर इंडिया देत आलीये, जेएफके या न्यूयॉर्कच्या विमानतळाची फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, शेजारच्या न्यू जर्सीतल्या नेवार्कची त्याआधीपासून होती. वेळापत्रक आणि आठवड्यातले दिवस बदलत राहतात म्हणून कंपनीच्या साइटवर चेक करा. बाकी सगळे पर्याय मध्ये एक थांबा घेऊन.

लोकांना वाटतं दुबईमार्गे गेलं की खूप लांब पडतं. अंतराने तसं नाहीये. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर, बेरीज जेमतेम तेरा हजार, म्हणजे थेट अंतरापेक्षा चारशेच्या आसपास किलोमीटर जास्त. लंडनमार्गे तर अजून कमी, मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५५०, दोनशेच किलोमीटर जास्त झाले. वेळ जातो तो किलोमीटरमध्ये नाही, थांब्यात जातो. दुबईमार्गे हवेतले तास धरले तर सव्वातीन आणि चौदा, सव्वासतरा, त्यात तीन तासांचा थांबा टाकला की वीसच्या वर गेलंच. काकांचे बावीस तास असे झाले.

मग घ्यायचं काय? माझं मत सांगते. गुडघे दुखणारे, इंग्रजी-हिंदीत विचारपूस करायला बिचकणारे, पहिल्यांदाच विमानात बसणारे आईबाबा असतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी नॉनस्टॉप घ्या, एकदा बसवलं की थेट तिकडेच उतरतात, मध्ये टर्मिनल बदला, ट्रेन पकडा, गेट शोधा हे काहीच नाही. पण ज्यांना सलग सोळा तास बसणं डॉक्टरांनीच नको सांगितलंय, पायाला सूज येते, अशांना लंडन किंवा फ्रँकफर्टचा थांबा बरा पडतो कारण तिथे प्रवासाचे दोन बऱ्यापैकी सारखे तुकडे होतात. दुबई किंवा दोहा घेतलं तर पहिला तुकडा तीन-चार तासांचा आणि दुसरा पुन्हा चौदा तासांचाच, म्हणजे लांब बसणं काही चुकत नाही. हे फार कमी लोक लक्षात घेतात.

अबुधाबीचा एक वेगळा फायदा आहे, तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीच्या एअरपोर्टवरच होतं. न्यूयॉर्कला उतरलात की देशांतर्गत प्रवाशासारखे थेट बॅगा घ्यायला. मात्र त्यासाठी अबुधाबीत हातात पुरेसा वेळ हवा, दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका.

थांबा किती असावा? दोन तासांपेक्षा कमी नको आणि पाच-सहापेक्षा जास्त नको. वयस्कर माणसं असतील तर तीन ते चार तास एकदम बरोबर.

४. तिकीट वाचताना इथे लोक फसतात

अ. तारीख. हा सगळ्यात मोठा घोळ. समजा तिकिटावर लिहिलंय १५ तारीख, रात्री १:३०. म्हणजे तुम्हाला १४ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊला एअरपोर्टवर असायचंय. पुण्याहून निघणार असाल तर १४ तारखेला दुपारी गाडी दारात हवी. घरातल्या कॅलेंडरवर १५ ला गोल करू नका, १४ च्या चौकोनात "आज निघायचं" असं मोठ्या अक्षरात लिहा.

आ. दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या असतात. सुटायची वेळ मुंबईची, पोचायची वेळ न्यूयॉर्कची. नुसती वजाबाकी केली तर काहीतरीच उत्तर येतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. उदाहरण घ्या, जुलैमध्ये मुंबईहून रात्री २ ला विमान सुटलं आणि १६ तास लागले तर आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजलेले असतील, त्यातून साडेनऊ तास काढा, न्यूयॉर्कला सकाळचे साडेआठ, तारीख तीच. येताना उलट, तिकडून दुपारी १२ ला निघालात, साडेचौदा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला उतराल. म्हणजे जाताना दिवस वाचल्यासारखा वाटतो आणि येताना एक अख्खा दिवस गेल्यासारखा. तिकिटावर पोचायच्या वेळेपुढे +१ असेल तर दुसरा दिवस, +२ असेल तर तिसरा, घ्यायला येणाऱ्याला वेळेबरोबर तारीखही कळवा.

इ. एअरपोर्ट कोणता. न्यूयॉर्क म्हणून शोधलं की जेएफके, नेवार्क आणि लाग्वार्डिया तिन्ही येतात. नेवार्क हे न्यू जर्सीत आहे, एडिसन, जर्सी सिटी, प्रिन्स्टन या बाजूला राहणाऱ्यांना तेच सोयीचं. जेएफके क्वीन्समध्ये, तिथून एडिसनला ट्रॅफिकमध्ये सहज दीड-दोन तास जातात. आणि उतरायचं जेएफकेला, पुढची फ्लाइट नेवार्कहून असं तिकीट कधीच घेऊ नका, स्वस्त दिसतं म्हणून लोक घेतात आणि पूर्ण शहर ओलांडत बॅगा ओढत बसतात. आता मुंबईतही तेच, नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालंय, त्यामुळे ड्रायव्हरला नुसतं "एअरपोर्ट" सांगू नका, तिकिटावर बघून नाव सांगा. सहारचं टर्मिनल २ असेल तर तसं स्पष्ट सांगा.

ई. दोन वेगळी तिकिटं जोडलेली नाहीत ना. काही साइट्स दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं एकत्र दाखवतात, पीएनआर वेगळे असतात. पहिली फ्लाइट लेट झाली आणि दुसरी चुकली तर दुसरी कंपनी हात वर करते, शिवाय मध्ये बॅगा स्वतः काढून परत चेक-इन कराव्या लागतात आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. एकच पीएनआर असेल तरच घ्या.

उ. ट्रान्झिट व्हिसा. लंडन किंवा युरोपमार्गे जाताना अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर बहुतेक ठिकाणी वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. अडचण येते ती ज्यांचा पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसा संपलाय पण तिथे राहायची परवानगी कागदावर वाढवून मिळालीये अशा नोकरदार मुलांना, भारतात येताना. त्यांनी त्या देशाच्या सरकारी साइटवर नियम वाचूनच तिकीट काढावं.

५. दारापासून दारापर्यंतचा हिशोब

आता कागद घ्या आणि आपल्या घरचा हिशोब मांडा. पुण्याच्या कोथरूडमधून एडिसनच्या घरापर्यंत, नॉनस्टॉप, मी असा धरते:

- पुणे ते सहार टर्मिनल २: चार तास. नकाशावर कमी दाखवतो पण घाटात एक ट्रक बंद पडला की संपलं. पावसाळ्यात अजून एक तास जास्त.
- एअरपोर्टवर आधी पोचणं: चार तास.
- विमान: सोळा तास.
- इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स: दीड ते दोन तास.
- नेवार्क ते घर: पाऊण-एक तास.

बेरीज सव्वीस-सत्तावीस. दुबईमार्गे गेलात तर तीस-एकतीस. नाशिक, कोल्हापूर, नागपूरहून येणाऱ्यांनी आपापले तास घालावेत, आणि सोलापूर-कोल्हापूरकडच्या वयस्कर मंडळींनी आदल्या रात्री मुंबईत किंवा पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम केलेला फार बरा, बसमध्ये रात्र काढून लगेच पुढे सोळा तास म्हणजे अंगाचे हाल.

हा आकडा आईबाबांना आधीच खरा सांगा. "सोळा तासांत पोचाल" असं सांगितलं की त्यांचं मन सोळाच्या हिशोबाने तयार होतं, मग एअरपोर्टवरच जीव दमतो. सत्तावीस सांगितलं तर ते सत्तावीसची तयारी करतात, दशम्या, गोळ्या, शाल सगळं त्या मापाने घेतात.

६. कागदपत्रं, एकाच पाऊचमध्ये

- पासपोर्ट, सहा महिने तरी मुदत शिल्लक असलेला. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर जुना आणि नवा दोन्ही.
- तिकिटाची प्रिंट, जायची आणि परतीची. मोबाईल बंद पडतो, कागद पडत नाही.
- तिकडच्या घराचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर, इंग्रजीत छापलेला.
- प्रवास विमा.
- औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांच्या लेटरहेडवर, औषधाच्या मूळ नावासकट.
- थोडे डॉलर सुटे.

फोटोकॉपीचा एक सेट चेक-इन बॅगेत, एक घरी मुलाकडे व्हॉट्सॲपवर.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका वेळी किती राहायचं ते तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो, व्हिजिटर म्हणून सहसा सहा महिने मिळतात. ती तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत दिसते. उतरल्यावर एक-दोन दिवसांत मुलांना ती काढून बघायला सांगा आणि परतीचं तिकीट त्याच्या आत असल्याची खात्री करा.

७. बॅगेत काय कुठे

याच्यावर वेगळा लेख होईल, इथे फक्त प्रवासात अडवतं तेवढं. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात केबिन बॅगेत ३५० मिलीच्या वर पावडर चालत नाही, म्हणजे भाजणी, मेतकूट, मसाले, पिठं सगळं चेक-इन बॅगेत टाका. तूप, लोणचं हेही चेक-इनमध्येच, आणि लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत बांधून वर टॉवेल गुंडाळा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊ नका, त्यात तेल असतं म्हणून ते ज्वलनशील धरतात आणि बॅग उघडायला लावतात. दुबई-अबुधाबीमार्गे जात असाल तर खसखस अजिबात नको, तिथे बंदी आहे, लाडवात घातलेलीसुद्धा नको. ताजी फळं, बिया, मांसाचे पदार्थ अमेरिकेत नेता येत नाहीत. खाण्याचं काय काय आहे विचारलं तर खरं सांगा, सांगितलं म्हणून दंड होत नाही, लपवलं तर होतो.

औषधं मात्र केबिन बॅगेत. पूर्ण प्रवासाची आणि वर दोन-तीन दिवसांची.

८. विमानातले सोळा तास

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, त्याचे पैसे नसतात आणि त्यात कमीपणा काही नाही. मुंबईचं टर्मिनल २ केवढं मोठं आहे, चेक-इनपासून गेटपर्यंतच वयस्कर माणूस थकतो. जेवणही आधीच नोंदवायचं, शाकाहारी, जैन, डायबेटिक, किमान एक-दोन दिवस आधी. बसल्यावर मागितलं तर मिळेलच असं नाही.

सीट आइलची, म्हणजे मधल्या वाटेच्या कडेची घ्या. वयस्कर माणसाला खिडकीशी बसवलं की ते दोन माणसांना उठवायला संकोच करतात, मग पाणी पीत नाहीत, बाथरूमला जात नाहीत, आणि पायात रक्त साखळण्याचा धोका असतो तो यामुळेच वाढतो. दर दोन तासांनी उठून मागच्या बाजूपर्यंत एक फेरी मारायची, बसल्या बसल्या घोटे फिरवायचे, पाणी घोट घोट पीत राहायचं. हृदयाचा किंवा रक्त गोठण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी भेटा, मोज्यांचं वगैरे ते सांगतील.

शुगरच्या गोळ्या आणि इन्शुलिनचं वेळापत्रक हा खरा अवघड भाग. साडेनऊ तास मागे जाताना दिवस लांबतो, मग "रात्रीची गोळी" नक्की केव्हा? हे अंदाजाने करू नका. निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून भारताच्या घड्याळाप्रमाणे वेळा लिहून घ्या, आणि बाबांच्या हातातलं घड्याळ विमानात अजिबात बदलू नका, मुंबईच्या वेळेवरच राहू द्या. माझ्या सासऱ्यांना मी एक पोस्टकार्डाएवढा कागद दिला होता, "घड्याळात ८ वाजले की पिवळ्या डबीतली एक, जेवण आल्यावरच" असं मराठीत लिहून, शर्टाच्या खिशात ठेवायला. तिकडे पोचल्यावर मग घड्याळही बदललं आणि गोळ्यांच्या वेळाही.

९. उतरल्यावर

इमिग्रेशनला प्रश्न सोपे असतात, कशाला आलात, कोणाकडे, किती दिवस. जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्या. इंग्रजी येत नसेल तर तसं सांगा, दुभाषा मिळू शकतो.

न्यूयॉर्कहून पुढे शिकागो, डॅलस वगैरे जायचं असेल तर लक्षात ठेवा, अबुधाबीमार्गे आला नसाल तर अमेरिकेत ज्या शहरात पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन आणि तिथेच बॅगा काढून कस्टम्समधून नेऊन परत द्यायच्या, मुंबईला "थ्रू" टॅग लावला असला तरी. त्यामुळे पुढच्या फ्लाइटला किमान तीन तासांचं अंतर ठेवा. परत येताना दिल्लीमार्गे आलात तर बहुतेक वेळा हेच दिल्लीला करावं लागतं.

घ्यायला येणाऱ्यांनी फ्लाइट नंबर टाकून ट्रॅकिंग ॲपवर विमान कुठे आहे ते बघावं आणि विमान उतरल्यानंतर तासाभराने बाहेर उभं राहिलं तरी चालतं.

पोचल्यावर पहिले काही दिवस झोप उलटीपालटी होणारच. साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस असा अंदाज धरतात, म्हणजे पूर्ण रुळायला आठवडा ते दहा दिवस. सकाळी साडेआठला उतरलात तर दुपारी गाढ झोपू नका, अर्धा-पाऊण तास पडा फक्त, उजेडात बाहेर चक्कर मारा, रात्री नऊपर्यंत कसंही करून जागं राहा. परत येताना म्हणजे पूर्वेला येताना हा त्रास बहुतेकांना जास्त होतो, तेव्हा भारतात उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी लग्न, बँकेची कामं, डॉक्टरची अपॉइंटमेंट असलं काही ठेवू नका, तीन-चार दिवस मोकळे ठेवून मगच कामं लावा.